बुळकांडीची हद्दपारी

परभणीहून पूर्णेकडे निघालेली गाडी मिरखेलच्या अलीकडे पिंगळीच्या लहानशा स्थानकावरून जाते, तेव्हा दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन क्षितिजापर्यंत पसरलेली दिसते. तिच्यावर पिकणाऱ्या ज्वारीविषयी आणि कापसाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ती जमीन ज्यांच्या खांद्यांवर शतकानुशतके उलथीपालथी झाली त्या बैलांचा, आणि त्या बैलांना दावणीवरून उचलून नेणाऱ्या एका रोगाचा इतिहास अद्याप बहुतांशी वृद्धांच्या आठवणीतच पडून राहिला आहे. त्या रोगाचे नाव बुळकांडी. आज पंचविशीत असलेल्या शेतकऱ्याने तो पाहिलेला नाही, आणि त्याच्या मुलानातवंडांवरही तो पाहण्याचा प्रसंग येऊ नये अशी व्यवस्था झालेली आहे. मनुष्याने प्रयत्नपूर्वक या पृथ्वीवरून समूळ नाहीसे केलेले रोग आजवर दोनच: एक देवी, दुसरा बुळकांडी. पहिल्याची कथा सर्वतोमुखी आहे. दुसऱ्याची कथा पिंगळीसारख्या गावाच्या वेशीत उभे राहून सांगितली पाहिजे असे मला वाटते, कारण ती मुळात हद्दीची कथा आहे. गावाच्या शिवेची, आणि जिच्याविषयी गावाला काही ठाऊक असण्याचे कारणच नव्हते अशा पेशीच्या शिवेचीही.

गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यांतील या जमिनीचा स्वभाव आधी लक्षात घ्यावा लागतो. पावसाळ्यात चिकट आणि उन्हाळ्यात दगडासारखी होऊन भेगाळणारी ही काळी माती एका जोडीला दाद देत नसे. खोल नांगरट करावयाची तर जुन्या लाकडी नांगराला सहा-आठ बैल जुंपावे लागत, आणि एवढी जनावरे ज्याच्या स्वतःच्या दावणीला आहेत असा कुणबी गावात विरळा. म्हणून सावड होती. एकाने आपली जोडी दुसऱ्याच्या औताला द्यावी, दुसऱ्याने त्याची फेड आपल्या जोडीने करावी, आणि काम मोठे असले तर इर्जिक घालून सगळ्या गावचे बैल एका शेतात उतरवावे, रात्री त्या घरी जेवण व्हावे, असा हा शिरस्ता होता. लाल कंधारीचा तांबडा, आटोपशीर बांध्याचा बैल आणि देवणीचा अंगावर काळेपांढरे ठिपके वागवणारा दणकट बैल या दोन्ही जाती याच मुलखाच्या आसपास घडल्या. नांगर, वखर, तिफण, मोट, गाडी, खळ्यावरची मळणी या सर्वांच्या मुळाशी बैलच होता. आणि म्हणून शेतकऱ्याच्या घरची सांपत्तिक स्थिती विचारावयाची झाल्यास त्याच्याकडे जमीन किती हे विचारण्यापूर्वी औते किती हे विचारीत. बैल मेला तर तगाई काढावी लागे, निजामी दफ्तराच्या भाषेत तकावी, आणि सरकारी तकावी वेळेवर न मिळाली तर सावकाराचे दार होतेच. एका बैलाच्या मृत्यूने एक हंगाम बुडे. परंतु बुळकांडी एक बैल नेत नसे.

तिची लक्षणे ज्यांनी पाहिली ते ती विसरले नाहीत. जनावर प्रथम रवंथ करणे सोडी, अंग तापे, डोळ्यांतून पाणी आणि मग पू वाहू लागे; दोन-तीन दिवसांत हिरड्यांवर, जिभेखाली, गालांच्या आतल्या बाजूस कोंडा भुरभुरल्यासारखे डाग उमटत आणि ते डाग निघून तेथे लाल व्रण होत. त्यानंतर ज्या लक्षणाने या रोगास नाव दिले ते सुरू होई. पिचकारीसारखा पातळ, दुर्गंधीयुक्त, रक्तमिश्रित जुलाब, एवढा की जनावराचे डोळे खोल जात, कातडी हाडांना चिकटे आणि सहा ते बारा दिवसांत ते मान टाकी. बुळकांडी हा शब्द उच्चारताना त्या जुलाबाचा ध्वनीच ऐकू येतो. मराठी कुणब्याने जनावरांच्या रोगांना दिलेली नावे मी नेहमीच आदराने वाचतो; घटसर्प म्हटले की सुजलेला गळा दिसतो, फऱ्या म्हटले की लंगडणारा फरा, लाळ-खुरकूत म्हटले की तोंड आणि खूर. ज्या समाजाजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता त्याच्या निरीक्षणशक्तीचा हा पुरावा आहे, आणि पशुवैद्यकाने ही नावे जशीच्या तशी स्वीकारली यात पशुवैद्यकाचाही मोठेपणा आहे.

रोग आला म्हणजे गाव काय करी? गोठ्यात कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करी, म्हसोबाला आणि मरीआईला नवस बोले, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शिवेकडे धाव घेई. मराठी मुलखात जागोजागी गाव बांधण्याची चाल होती: शिवेभोवती दुधाची धार धरावी, चारी दिशांना नारळ फोडावेत, ठरलेल्या दिवशी औत धरू नये, बाहेरचे जनावर आत येऊ देऊ नये आणि आतले बाहेर जाऊ देऊ नये. काही ठिकाणी मरीआईचा गाडा काढीत. लहानशा लाकडी गाड्यात देवीची मूर्ती, हिरवा खण, बांगड्या, नैवेद्य ठेवून हलगीच्या गजरात तो गावाच्या शिवेपार नेऊन सोडीत, आणि पलीकडच्या गावाने तो आपल्या हद्दीतून पुढच्या हद्दीत पोचवावा अशी रीत असे. यावरून गावागावांत तंटेही होत. या विधींकडे केवळ अंधश्रद्धा म्हणून पाहणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्यांतील देवतेची कल्पना बाजूला ठेवली तरी एक पक्के अनुभवजन्य ज्ञान शिल्लक राहते: हा रोग आपोआप उद्भवत नाही, तो कोठून तरी येतो, चालत येतो, आणि तो शिवेवर अडवावा लागतो. हे ज्ञान अपुरे होते. गाडा पलीकडे लोटणे म्हणजे संकट शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवणेच होते. तरीही नेमकी जागा गावाने ओळखली होती.

येथे एक गोष्ट लपवून ठेवणे अन्यायाचे होईल. मेलेली गुरे ओढून नेण्याचे काम गावगाड्याने महारांवर लादले होते आणि कातडे कमावण्याचे काम ढोर-चांभारांवर. म्हणजे बुळकांडीच्या दिवसांत ज्यांच्या दावणीला स्वतःचा बैल बहुधा नसेच त्यांच्याच खांद्यावर रोगट प्रेतांचा भार सर्वांत अधिक पडे. उत्तर हिंदुस्थानात तर एकोणिसाव्या शतकात गुरे मोठ्या संख्येने मेली की कातड्याच्या लोभाने विष घातल्याचा आळ चर्मकारांवर येई आणि कोर्टकचेऱ्यांपर्यंत जाई. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले आणि पुढे मृत गुरे ओढण्याची सक्तीच झुगारून देण्याची चळवळ खेडोपाडी गेली, तेव्हा तिला प्रतिष्ठेचा जो अर्थ होता त्यात आरोग्याचाही अर्थ मिसळलेला होता. पशुरोगाचा इतिहास लिहिताना ज्यांनी ती प्रेते उचलली त्यांचा उल्लेख वगळला जातो. तो वगळू नये.

सरकारदरबारी या रोगाची दखल १८७१ च्या अहवालाने प्रथम व्यवस्थितपणे घेतली गेली. हॅलेन यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने हिंदुस्थानातील गुरांच्या साथींची चौकशी करून बुळकांडी आणि युरोपातील गुरांची महामारी हा एकच रोग आहे असे निश्चित केले. त्यानंतर ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात एक शाही जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा सुरू झाली. या देशातील पशुवैद्यकीय संशोधनाचा आरंभ मराठी भूमीवर झाला याचा मला अभिमान वाटतो. परंतु असा संसर्गजन्य रोग दाट वस्तीच्या आणि गजबजलेल्या बाजारांच्या मुलखात हाताळणे धोक्याचे होते, म्हणून १८९३ मध्ये ती प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलविण्यात आली. तेथे १८९७ साली जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख येऊन गेले, आणि शतकाच्या अखेरीस रक्तद्रव टोचून जनावरास काही काळ संरक्षण देण्याचा उपाय तेथून निघू लागला. पिंगळी ज्या निजामाच्या हद्दीत होती तेथे मात्र पाटील-पटवाऱ्याची वर्दी तहसीलदाराकडे, तहसीलदाराची अव्वल तालुकदाराकडे, आणि तेथून ती मुहकम्यात, म्हणजे खात्यात, असा उर्दू कागदाचा प्रवास होई. आणि त्या प्रवासाच्या अखेरीस एखादा सालोत्री, म्हणजे गुरांचा वैद्य, गावात पोचे तोवर रोग आपले काम उरकून पुढच्या शिवारात गेलेला असे. सालोत्री हा शब्द आता लोपला. त्याच्या उदरात प्राचीन पशुवैद्य शालिहोत्राचे नाव आहे हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

या रोगाची भटकंती पाहिली तर पिंगळीचे शिवार एकदम जगाशी जोडले जाते. अठराव्या शतकात युरोपात त्याने एवढा विध्वंस केला की त्याला तोंड देण्यासाठी १७६२ मध्ये फ्रान्समधील ल्यों येथे जगातील पहिले पशुवैद्यक विद्यालय निघाले. १८८७ च्या सुमारास इटालियन फौजेने लाल समुद्राच्या किनाऱ्यावर उतरवलेल्या गुरांबरोबर तो पूर्व आफ्रिकेत शिरला. ती गुरे हिंदुस्थानातून नेलेली होती असे सामान्यतः मानले जाते. पुढील दहा वर्षांत तो दक्षिण टोकापर्यंत पोचला, आणि पुष्कळ प्रदेशांतील दहांपैकी आठ-नऊ जनावरे मेली. इथिओपियात तर त्यामागून आलेल्या दुष्काळाने माणसेही गुरांमागोमाग गेली. १९२० साली हिंदुस्थानातून ब्राझीलकडे निघालेली वशिंडाची गुरे बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात थोडा काळ उतरवली गेली आणि युरोपात पुन्हा साथ उसळली. त्या धक्क्यातून १९२४ मध्ये पॅरिसला पशुरोगांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. राष्ट्रांना एकत्र आणण्याचे काम एका गोठ्यातील रोगाने केले, हे इतिहासात फारसे सांगितले जात नाही.

रोगाचे कारण काय, याचा उलगडा हळूहळू होत गेला. १९०२ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे निकोल आणि आदिल बे या दोघा संशोधकांनी दाखवले की, जंतू अडवणाऱ्या बारीक गाळणीतूनही या रोगाचे बीज पार होते. म्हणजे तो जंतू नव्हे. तो त्याहून कितीतरी लहान, विषाणू. आता आपणांस ठाऊक आहे की तो गोवराच्या विषाणूचा सख्खा भाऊ आहे, आणि बर्लिनमध्ये १९१२ पासून जतन करून ठेवलेल्या एका फुप्फुसाच्या नमुन्यावरून अलीकडे जे गणित मांडले गेले त्यानुसार हे दोन भाऊ कदाचित इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाइतक्या जुन्या काळी विभक्त झाले. गुरे पाळता पाळता आणि दाट वस्तीची नगरे वसवता वसवता मनुष्याने गुरांच्या रोगाच्या पूर्वजाकडून आपल्या लेकरांसाठी गोवर घेतला.

हा विषाणू म्हणजे केवळ सहा जनुकांचा एक तंतू. सुमारे सोळा हजार अक्षरांचा आरएनए. त्याच्याभोवती स्निग्ध पदार्थाचे एक पातळ आवरण असते, आणि हे आवरण त्याचे स्वतःचे नसते; ज्या पेशीत तो वाढला तिच्याच पटलाचा तुकडा बाहेर पडताना तो पांघरून घेतो. आता त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो तो शिवेचा. प्रत्येक पेशीभोवती असेच स्निग्ध पटल असते. तीच तिची वेस, तीच तिची शीव. पटलाला दार नाही. विषाणूला हातपाय नाहीत, त्याच्याजवळ इंधन नाही, स्वतःहून काही करण्याचे बळ नाही. मग तो आत जातो कसा? तो दोन पटलांचे एकच पटल करून आत जातो. समईत तेलाचे दोन थेंब एकमेकांस स्पर्शले की क्षणात त्यांचा एक थेंब होतो, तसे. मात्र पेशीच्या आणि विषाणूच्या पटलांमध्ये पाण्याचा जो थर असतो तो त्यांना आपोआप जवळ येऊ देत नाही. तो थर पिळून काढून दोन्ही पटलांना बळाने एकत्र आणणारे एक यंत्र विषाणूजवळ असते, आणि त्या यंत्राला संशोधक ‘एफ’ प्रथिन म्हणतात. आपण त्याला संमीलक प्रथिन म्हणू.

विषाणूच्या आवरणावर दोन प्रकारची प्रथिने बाहेर डोकावत असतात. पहिले ‘एच’ हे ओळख पटवणारे. ते पेशीवरील विशिष्ट ग्राहक रेणूला जाऊन बिलगते. बुळकांडीच्या विषाणूसाठी हा रेणू म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या लसिकापेशींवरील ‘स्लॅम’, हे जपानमधील यानागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ च्या सुमारास दाखवले. आणि तेव्हा कळले की हा रोग गावात शिरताना प्रथम राखणदारांनाच का गाठतो. ‘एच’ने ओळख पटवली की दुसरे, ‘एफ’, जागे होते. ते तिघांच्या जुडीने उभे असते आणि त्याची घडी ताणलेल्या सापळ्यासारखी असते. पेशीत ते प्रथम अखंड तयार होते. पुढे पेशीचेच फ्युरिन नावाचे विकर ते एका ठिकाणी छेदते, आणि हा छेद झाल्यावाचून सापळा सज्ज होत नाही. म्हणजे विषाणूचे हत्यार पाजळून देण्याचे काम त्याचा यजमानच करतो. योग्य खूण मिळताच सापळा सुटतो: आत दडवलेले, पाण्याला भिणारे एक टोक नांगराच्या फाळासारखे पुढे झेपावते आणि पेशीच्या पटलात रुतते. आता ‘एफ’चे एक टोक पेशीत रोवलेले आणि दुसरे विषाणूच्या आवरणात बसलेले. मग मधला भाग मागे दुमडू लागतो. त्याचे लांब पिळदार पट्टे एकमेकांशेजारी येऊन घट्ट बसतात, तीन आणि तीन मिळून सहा पिळांची एक मजबूत मोळी होते, आणि त्या दुमडण्याच्या बळाने दोन पटले मोटेच्या नाड्याने ओढल्यासारखी एकमेकांकडे खेचली जातात. प्रथम बाहेरचे थर मिसळतात, मग आतले, मग एक छिद्र पडते, ते रुंदावते, आणि विषाणूचा तंतू पेशीत ओघळतो. या कामास बाहेरून काही शक्ती लागत नाही. ती त्या ताणलेल्या घडीतच साठवलेली असते. इन्फ्लुएन्झाच्या विषाणूला असेच काम करण्यासाठी पेशीच्या पोटातील आम्ल लागते. बुळकांडीला तेही लागत नाही, ती दारातच काम उरकते.

आणि याहून भयंकर गोष्ट पुढे आहे. रोगट झालेली पेशी स्वतःच्या पटलावर हीच प्रथिने मांडू लागते, आणि मग शेजारच्या निरोगी पेशीशी तिचे पटल एक होते, तिच्याशी तिसरीचे. अशा रीतीने अनेक केंद्रकांची एक अवाढव्य पेशी होऊन बसते. बांध फुटून दहा शेतांचे एक तळे व्हावे, तसे. तोंडातील आणि आतड्यातील अस्तर या प्रकारे ढासळत गेल्यावर तो व्रण, तो जुलाब, ती बारा दिवसांची मुदत, यांचे कारण समजते. पिंगळीच्या गोठ्यात जे डोळ्यांना दिसे त्याची सुरुवात या सूक्ष्म शिवेवर होत होती. विषाणू पेशी जोडतात ही गोष्ट संशोधकांच्या हाती आली ती या घराण्यातीलच सेंदाई नावाच्या एका विषाणूमुळे; १९५७ च्या सुमारास ओसाकाच्या ओकादा यांनी ती पाहिली, आणि १९७० नंतरच्या दशकात त्याच विषाणूवर ‘एफ’चे छेदन आणि त्याचे कार्य यांचा संबंध लागला.

ज्या आवरणाने या विषाणूला प्रवेशाची ही युक्ती दिली त्याच आवरणाने त्याला दुर्बळही केले, आणि माझ्या मते बुळकांडीच्या संपूर्ण इतिहासाची किल्ली येथे आहे. स्निग्ध आवरण ऊन सहन करीत नाही, कोरडेपणा सहन करीत नाही, साबण आणि चुना सहन करीत नाही. ते फाटले की प्रथिने निरुपयोगी होतात आणि विषाणू मरतो. म्हणून मराठवाड्याच्या वैशाखातील उन्हात बुळकांडीचे बीज मातीत टिकत नसे. ते डास-गोचिडांतून येत नसे, बऱ्या झालेल्या जनावरात दडून राहत नसे. त्याला एका श्वासातून, एका लाळेतून, एका हौदातून ताबडतोब दुसऱ्या जनावराकडे जावे लागे. म्हणजे त्याला जनावरांचा सहवास लागे: आठवडी बाजार, माळेगावच्या खंडोबाची यात्रा, वऱ्हाडाच्या बैलगाड्यांचा तळ, आणि ज्या सावडीने काळी जमीन नांगरली जाई तीच सावड. गावाने शीव खरोखर बंद केली तर रोग थांबे. आणि जगण्यासाठी शीव खुली ठेवणे भाग असल्याने तो पुन्हा येई.

यास्तव खरा उपाय शीव प्रत्येक जनावरात नेण्याचाच होता. मुक्तेश्वरला जे. टी. एडवर्ड्स यांनी हा विषाणू बकऱ्यांतून पुनःपुन्हा चढवीत नेला आणि १९२७ च्या सुमारास त्यांना आढळले की गुरांविषयीची त्याची मारकता उतरली आहे. त्या बकऱ्यांच्या प्लीहेपासून जी लस झाली ती देशी गुरांना आयुष्यभराचे संरक्षण देई. या रोगाच्या विषाणूची जात एकच, आणि एकदा आलेले संरक्षण कायमचे. या दोन गोष्टींनी निर्मूलनाची आशा दिली. १९५४ साली देशव्यापी बुळकांडी निर्मूलन योजना सुरू झाली. पाच वर्षांत शेकडा ८० गुरांना टोचावयाचे आणि मग उरलेल्यांना व नव्या वासरांना, असा तिचा संकल्प. योजना सुरू झाली तेव्हा पिंगळी हैदराबाद राज्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ ला ती द्विभाषिक मुंबई राज्यात आली आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. सहा वर्षांत गावाने तीन राज्ये पाहिली, दफ्तराची भाषा बदलली, तहसीलच्या पाट्या बदलल्या. पण थर्मासातल्या बर्फात लस घेऊन सायकलवरून येणारा माणूस आणि पिंपळाखाली किंवा कोंडवाड्यापाशी ओळीने उभी केलेली गुरे हे दृश्य बदलले नाही. राज्यघटनेच्या कलमांइतकेच या टोचणीने स्वातंत्र्याचा अर्थ खेड्यात नेला, असे मी निःशंकपणे म्हणेन.

पुढे केनियात वॉल्टर प्लाउराइट यांनी वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर हा विषाणू सुमारे नव्वद वेळा वाढवून अधिक निर्धोक लस सिद्ध केली. तिने संकरित जनावरांनाही त्रास होत नसे, आणि हळूहळू तिने बकरीच्या लशीची जागा घेतली. १९९९ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. १९७२ मध्ये परभणीलाच कृषी विद्यापीठ आणि पशुवैद्यक महाविद्यालय निघाले, म्हणजे पिंगळीच्या मुलांना पशुवैद्य होण्यासाठी मुंबई गाठण्याचे कारण उरले नाही. आणि या कथेतील मला सर्वांत अर्थपूर्ण वाटणारा प्रयोग १९८८ सालचा. इथिओपियात जन्मलेल्या तिलाहून यिल्मा यांनी बुळकांडीच्या विषाणूतील ‘एच’ आणि ‘एफ’ यांची जनुके वेगवेगळी काढून ती देवीच्या लशीच्या विषाणूत बसवली, आणि तो टोचलेली गुरे जीवघेण्या मात्रेतील बुळकांडीलाही बधली नाहीत. मूळ विषाणू न देता केवळ त्या संमीलक प्रथिनाची ओळख शरीराला करून दिली तरी शरीर त्याचा सापळा सुटू देत नाही, हे यावरून सिद्ध झाले. एका निर्मूलित रोगाच्या लशीने दुसऱ्या रोगाच्या प्रवेशाचे रहस्य आपल्या पाठीवर वाहिले. आणि ते काम अशा देशाच्या पुत्राच्या हातून झाले जेथे शंभर वर्षांपूर्वी याच रोगाने दुष्काळ आणला होता.

शेवटचा टप्पा सर्वांत अवघड होता, आणि तो लस टोचण्याचा नव्हता. लस थांबवण्याचा होता. टोचलेल्या जनावराचे रक्त आणि रोगातून उठलेल्या जनावराचे रक्त सारखीच साक्ष देते, म्हणून रोग खरोखर गेला आहे हे पाहावयाचे तर लसीकरण बंद करून, नव्या पिढीच्या गुरांचे रक्त तपासून, गावोगावी विचारपूस करून थांबावे लागते. ज्यांनी आयुष्यभर टोचले त्यांना हात आखडून वाट पाहणे किती जड गेले असेल याची कल्पना करावी. भारतातील शेवटचा उद्रेक १९९५ साली तामिळनाडूत झाला. २००४ मध्ये देश रोगमुक्त आणि मे २००६ मध्ये संसर्गमुक्त म्हणून मान्य झाला. २५ मे २०११ रोजी जागतिक पशुआरोग्य संघटनेने आणि त्याच वर्षीच्या २८ जूनला अन्न व कृषी संघटनेने रोमहून सर्व जग बुळकांडीमुक्त झाल्याचे जाहीर केले. इंग्लंडातील पिरब्राइट संस्थेने २०१९ च्या जूनमध्ये आपल्याकडील विषाणूचा साठा नष्ट केला.

शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी, जिला आता पीपीआर म्हणतात, मात्र अजून आहे. तिचाही विषाणू याच घराण्यातला, आणि शेळी ही ज्या घराची एकमेव पुंजी आहे तेथे तिचे दुःख बैलाच्या दुःखाहून कमी नसते. २०२२ साली गुरांच्या लम्पी त्वचारोगाची साथ महाराष्ट्रात पसरली तेव्हा गुरांचे बाजार बंद झाले, वाहतुकीला मनाई झाली, आणि गोठ्यांतून पुन्हा कडुनिंबाचा धूर निघू लागला. जुनी माणसे त्या दिवसांत बुळकांडीचे नाव घेत होती आणि तरुणांना ते नाव नवे वाटत होते. त्याच तरुणांनी, पोळ्याच्या दिवशी वेशीत तोरणाखाली बैल उभे राहतात तेव्हा, घरातील आजोबांना एवढे विचारावे: दावण रिकामी झाली ते वर्ष कोणते, टोचणीला गुरे कोठे उभी करीत, शेजारच्या गावातून जनावर आत येऊ न देण्याचा निर्णय कोणी घेतला, मृत गुरे कोणी उचलली, तगाई किती मिळाली. पाटील-पटवाऱ्यांच्या घरी जुनी दफ्तरे असतील तर ती वाळवीच्या स्वाधीन करू नयेत. उर्दूत असली तरी वाचणारे भेटतात. पिंगळीच्या आणि तिच्या आसपासच्या गावांतील ज्या माणसांनी बुळकांडी डोळ्यांनी पाहिली ती आता सत्तरीच्या पुढे गेली आहेत. त्यांचे म्हणणे या वर्षीच लिहून घ्यावे.